काश्मिरी नीलम, सव्वापाच रत्ती, नव्वद हजार

सांगली जिल्ह्यातून एका वाचक ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणतात, ते बरोबरच आहे. पत्राचा गोषवारा असा:

"मॅडम, आमच्या मुलाची चाकणची नोकरी गेली त्याला आता आठ महिने होतील. ह्यांनी पत्रिका दाखवली तेव्हा साडेसाती सांगितली आणि मुलाला शनिवारी नीलम घालायला सांगितला. ओळखीतून एक गृहस्थ घरी आले. त्यांनी निळा खडा दाखवला, 'काश्मिरी आहे, न तापवलेला, सव्वापाच रत्ती' म्हणाले. वाटीत दूध मागून घेतलं, त्यात खडा टाकला, आणि दूध खरंच निळसर दिसलं. किंमत नव्वद हजार, पण निर्णय आठवड्यात द्यायचा. सोबत फोटो असलेलं प्लास्टिकचं कार्ड आहे. ह्यांची एफडी मोडायची तयारी आहे, ती एफडी मुलीच्या शिक्षणासाठी ठेवली होती. आमच्या गावच्या सराफांकडे तसाच, उलट जास्तच स्वच्छ खडा चौदा हजारांना आहे. ते म्हणतात हाही अस्सल. तिसरी गोष्ट, माझ्या आजेसासूबाईंची निळ्या खड्याची जुनी अंगठी कपाटात आहे. ती निदान साठ-सत्तर वर्षांची. जुनं म्हणजे खरंच असणार ना? मग नवीन घ्यायचाच कशाला? आणि हे म्हणतात, नीलम लाभला नाही तर रावाचा रंक करतो, मग चुकीचा घातला तर काय होईल? मी कोणाचं ऐकू?"

ताई,

आधी एफडीचं. ती मोडू नका. या आठवड्यात तर मुळीच नाही. खडा विकणारा माणूस मुदत घालतो तेव्हा ती ग्रहाची मुदत नसते, त्याची स्वतःची असते. चांगला नीलम पंधरा दिवसांनीही चांगलाच राहतो. पंधरा दिवसांत ज्याचं बिंग फुटू शकतं त्यालाच घाई असते.

आता एकेक खडा हातात घेऊ. नव्वद हजारांच्या खड्यापासून सुरुवात करते, कारण तिथे बोलण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

काश्मिरी नीलम ही खरी गोष्ट आहे, बाजारगप नाही. जम्मूच्या किश्तवाड भागात पाडर नावाचं खोरं आहे. तिथे सुमजाम गावाच्या वर, साधारण साडेचार हजार मीटर उंचीवर, 1881 च्या सुमारास दरड कोसळली आणि खाली निळे स्फटिक उघडे पडले. काश्मीरच्या महाराजांना पत्ता लागला तसे तिथे शिपाई बसले. पुढची चार-पाच वर्षं भराभर माल निघाला. 1887 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ला टूश तिथे गेले तोवर मूळ जागा जवळपास रिकामी झाली होती. वर्षातले बरेच महिने बर्फ, वाट अवघड, नंतरच्या खोदकामात फारसं काही हाती लागलं नाही. म्हणजे ज्या मालावर 'काश्मिरी' हे नाव मोठं झालं, तो मुख्यतः त्या मोजक्या उन्हाळ्यांतला. त्या खड्यात सूक्ष्म कण पसरलेले असतात, त्यांच्यामुळे आत शिरलेला उजेड विखुरतो आणि निळ्यावर मखमलीसारखी साय येते. 2015 मध्ये हाँगकाँगच्या लिलावात 27.68 कॅरेटचा एक काश्मिरी नीलम साठ लाख डॉलरपेक्षा जास्त किमतीला गेला. कॅरेटला दोन लाख डॉलरच्या वर. तुमच्याकडे आलेले गृहस्थ चार-पाच कॅरेटचा, न तापवलेला, काश्मिरी खडा नव्वद हजार रुपयांत देतायत. असा दानशूर माणूस ओळखीतून घरी येत नाही.

उगम कुठला हे सांगणं मोठ्या प्रयोगशाळांनाही अवघड जातं. स्वित्झर्लंडमधल्या गुबेलिन किंवा एसएसईएफसारख्या प्रयोगशाळा यंत्रांखाली आतल्या खुणा आणि सूक्ष्म मूलद्रव्यं तपासतात, नोंदी पडताळतात आणि शेवटी 'आमचं मत' म्हणून उगम लिहितात. प्लास्टिकच्या कार्डावर ठळक अक्षरांत 'काश्मीर' छापलेलं असेल तर ते मत कोणाचं, एवढं तरी विचारा.

दुधाची गंमत ऐका. नीलम म्हणजे कुरुंद, रसायनाच्या भाषेत अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. शुद्ध असेल तर पाण्यासारखा रंगहीन. त्यात लोह आणि टायटॅनियम हे दोन पाहुणे शेजारी शेजारी बसले की त्यांच्यातल्या इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीत उजेडातला पिवळा-तांबडा भाग शोषला जातो आणि आपल्याला निळा उरतो. दोन्ही मिळून शंभरातला एक भागही नसतात, कित्येकदा त्याचा दहावा हिस्सासुद्धा नसतात. हा रंग दगडाच्या जाळ्यात बसलेला आहे, तो दुधात उतरत नाही. वाटी उथळ, दूध पातळ, खडा गडद आणि वरून टॉर्च असली की निळसर झाक दिसते. निळ्या काचेची गोटी टाकून बघा, तेच दिसेल. आणि दूध खरोखरच रंगलं, म्हणजे खडा बाहेर काढल्यावरही निळंच राहिलं, तर तो खडा रंगवलेला आहे, तेव्हा दूधही पिऊ नका. उशीखाली तीन रात्री ठेवून स्वप्नं बघणं, गवताची काडी चिकटवणं हे सगळं याच जातीचं. या परीक्षांमध्ये खडा नापास झाल्याचं मी कधी ऐकलेलं नाही, यावरूनच त्यांचा कस कळतो.

रत्तीचा हिशेबही करून घ्या. आपल्याकडे जुन्या सराफी मापात आठ गुंजांचा (गुंज म्हणजेच जुनी रत्ती) मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा. तोळ्याच्या 11.66 ग्रॅमला शहाण्णवने भागलं की एक गुंज भरते सुमारे 121 मिलिग्रॅम. पण राशीच्या खड्यांच्या बाजारात आज जी रत्ती चालते ती साधारण 182 मिलिग्रॅमची. कॅरेट मात्र जगभर एकच, 200 मिलिग्रॅम. आता सव्वापाच रत्ती एका मापाने झाली 4.8 कॅरेट आणि दुसऱ्या मापाने 3.2. किंमत मोठ्या रत्तीची सांगायची आणि माल छोट्या रत्तीचा द्यायचा, हा खेळ काटा न हलवता करता येतो. म्हणून बोलणं कॅरेटमध्येच करायचं, दोन दशांश स्थळांपर्यंत, आणि काट्यावर आपल्या डोळ्यांनी आकडा बघायचा.

आता गावच्या सराफांचा चौदा हजारांचा खडा. ते खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही. 'अस्सल' म्हणजे त्यांच्या लेखी जमिनीतून निघालेला कुरुंद, आणि तो कदाचित असेलही. प्रश्न जमिनीतून निघाल्यानंतर त्याचं काय केलं हा आहे. नीलमच्या किमतीतला निम्म्याहून जास्त गोंधळ इथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

श्रीलंकेत रत्नपुराच्या परिसरात भातखाचरांच्या खाली रत्नांचा कंकर सापडतो, तिथले लोक त्याला इल्लम म्हणतात. लाकडी टेकू लावलेल्या खड्ड्यात उतरायचं, कंकर वर काढायचा, टोपलीत घालून पाण्यात गोल गोल फिरवायचा. कुरुंद काचेपेक्षा, गारगोटीपेक्षा बराच जड, पाण्याच्या चौपट वजनाचा, त्यामुळे तो टोपलीच्या तळाशी बसतो. या कंकरात दुधट, मळकट, कोणी ढुंकून बघणार नाही असे दगड भरपूर निघायचे. त्यांना गेउडा म्हणतात. 1970 च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी हे गेउडा स्वस्तात उचलले आणि भट्टीत दीड हजार अंशांच्या वर तापवले. दुधटपणा येतो तो रुटाइल नावाच्या टायटॅनियमच्या खनिजाच्या बारीक सुयांमुळे. त्या सुया उष्णतेने विरघळतात, टायटॅनियम दगडात मुरतं, लोहाशेजारी जाऊन बसतं, आणि कालचा मळका दगड झगझगीत निळा होऊन बाहेर येतो. आज बाजारातला बहुतेक नीलम असा तापवलेलाच असतो. हा रंग टिकाऊ आहे, दगड नैसर्गिकच आहे, जगभर तो मान्य आहे. अट एकच, विकताना तसं सांगायचं. त्याच रंगाच्या न तापवलेल्या खड्याला कित्येक पट किंमत मिळते, कारण तसे मिळतात कमी.

इथवर ठीक. याच्या पुढच्या पायऱ्या मात्र निसरड्या आहेत. फिक्या दगडाला टायटॅनियमच्या भुकटीत पुरून दिवसचे दिवस तापवलं की रंग नुसता वरच्या सालीत शिरतो. असा खडा नंतर घासला तर खाली फिका निघतो. तो ओळखायची एक सोपी खूण तुम्हालाही बघता येईल: पांढऱ्या बशीत पाणी घ्या, खडा बुडवा, वरून उजेड पाडा. साधा खडा पाण्यात मऊ, पसरट निळा दिसतो, आणि रंगाचे पट्टे असले तर ते आपल्या वाटेने जातात, पैलूंशी त्यांचं देणंघेणं नसतं. साल रंगवलेल्या खड्यात पैलूंच्या कडांवर रंग दाटतो, जाळी विणल्यासारखा. बघून खात्री होईलच असं नाही, पण शंका घ्यायला पुरते. दुसरा प्रकार याहून वाईट. चिरांनी भरलेला, एरवी फेकून द्यावा असा दगड घेऊन त्याच्या भेगांत कोबाल्टने निळी केलेली शिसेयुक्त काच भरतात. बाहेरून स्वच्छ, चकचकीत, स्वस्त. सोनाराने अंगठीला डाग देताना, म्हणजे जोड सांधताना, नळीची आच लागली, तेजाबात टाकली, की काच सुटते आणि आतल्या भेगा पांढऱ्या दिसायला लागतात. लिंबाच्या रसानेसुद्धा अशी काच खराब होते. तुमच्या मुलाने असा खडा घालून रोज भांडी घासली, गाडी धुतली, तर तो किती दिवस टिकेल याची मी हमी घेणार नाही.

जास्त स्वच्छ आणि तरीही स्वस्त, हे ऐकलं की माझे कान टवकारतात ते यासाठी. निसर्गातल्या नीलममध्ये काही ना काही असतंच. दहा पटीच्या भिंगातून बघितलं तर बारीक सुया एकमेकींना ठरावीक कोनात छेदताना दिसतात, त्यांना रेशीम म्हणतात. कुठे बोटाच्या ठशासारखी पातळ जाळी असते, कुठे रंगाचे सरळ पट्टे षटकोनी वळणं घेत जातात. तापवलेल्या खड्यात याच सुया तुटक ठिपक्यांसारख्या झालेल्या असतात, आतल्या एखाद्या स्फटिकाभोवती फुटलेल्या ताटलीसारखं कडं असतं. पोट अगदी मोकळं असेल तर एक तर खडा फार महाग हवा, नाही तर तो कारखान्यातला.

कारखान्यावरून तुमच्या आजेसासूबाईंच्या अंगठीकडे येऊ. इथे मला तुमचा थोडा हिरमोड करायचा आहे. जुनं म्हणजे खरं, हे सोन्याच्या बाबतीत पुष्कळदा चालतं, निळ्या खड्याच्या बाबतीत नाही. फ्रान्सच्या ऑग्युस्त व्हर्नॉय या रसायनशास्त्रज्ञाने 1902 मध्ये कृत्रिम माणकाची रीत जाहीर केली आणि 1910 च्या सुमाराला नीलमही तसाच तयार होऊ लागला. रीत मोठी देखणी आहे. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची पिठीसारखी भुकटी हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीतून खाली झिरपवायची, ती वितळून खालच्या दांडीवर थेंबाथेंबाने थिजते, आणि काही तासांत बोटाएवढी स्फटिकाची कांडी उभी राहते. भुकटीत चिमूटभर लोह आणि टायटॅनियम घातलं की निळी. आधी त्यांनी कोबाल्ट घालून बघितलं, पण त्या खटपटीतून निळा नीलम नाही, निळा स्पिनेल, म्हणजे वेगळाच खडा, तयार झाला, आणि तोही नंतर अंगठ्यांमध्ये भरपूर खपला. म्हणजे तुमच्या आजेसासूबाईंच्या लग्नाच्या वेळी कारखान्यातला नीलम बाजारात येऊन पंचवीस-तीस वर्षं तरी झालेली असणार, आणि तो स्वस्त होता. शिवाय जोडखडेही असायचे, वर लाल गार्नेटची पातळ पापडी आणि खाली निळी काच, वरून बघितलं तर अख्खा खडा निळा. असा खडा कोंदणातून काढून पांढऱ्या कागदावर पालथा ठेवला तर कडेने लालसर कडं दिसतं.

त्यात जुन्या अंगठ्यांचं कोंदण बहुतेक वेळा मागून बंद. खाली रंगीत डाक, म्हणजे चमकदार पातळ पत्रा, लावली असेल तर बिनरंगी खडाही निळा दिसतो. कोंदण न उघडता कोणी छातीठोक 'खरा' म्हणाला तर त्याच्या छातीचं कौतुक करा आणि अंगठी घेऊन घरी या.

कृत्रिम नीलम घासून, ओरखडून ओळखता येत नाही, हे लक्षात ठेवा. कठीणपणाच्या मोहच्या मापावर तोही नऊच, म्हणजे हिऱ्याखालोखालचा. वजन तेच, उजेड वाकवण्याची ताकदही तीच, 1.76 ते 1.77. फरक दिसतो तो भिंगाखाली: नैसर्गिक खड्यात रंगाच्या रेषा सरळ असतात, कारण स्फटिकाची वाढ सपाट बाजूंनी झालेली असते. कांडीतल्या खड्यात त्या ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारख्या वळलेल्या असतात आणि मधूनमधून गोल बुडबुडे. अर्थात अंगठी खोटी निघाली म्हणून ती टाकायची नाही. सोनं आहे, घडणावळ जुनी आहे, आजेसासूबाईंची आहे. ती किमतीला नाही, हौसेला घालायची. आणि खरी निघाली तर तुमचा प्रश्न फुकटात सुटला.

थोडं विषयांतर करते. कृत्रिम नीलमला आपण हिणवतो, पण तुमच्या घरात तो आधीच आहे. निळ्या एलईडीची चिप गॅलियम नायट्राइडची असते, आणि ते बहुतेक वेळा बिनरंगी कृत्रिम नीलमच्या चकतीवर थर देऊन वाढवतात. त्या निळ्या उजेडावर पिवळा लेप दिला की आपला पांढरा बल्ब. या निळ्या एलईडीसाठी 2014 मध्ये आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. महागड्या घड्याळाची ओरखडा न पडणारी काच, काही फोनच्या कॅमेऱ्यावरचं झाकण, हेही तेच. खड्याचं खरं कर्तृत्व मला विचाराल तर इथे आहे.

मग तपासायचं कुठे? मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची प्रयोगशाळा आहे, जयपूरला आयआयजीजेची प्रयोगशाळा आहे (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी), जीआयए आणि आयजीआयच्या प्रयोगशाळाही मुंबईत आहेत. खडा मोकळा असताना द्यावा, अंगठीत बसवलेल्याचं पूर्ण वजन आणि मागची बाजू तपासता येत नाही. रिपोर्ट आला की लोक फोटो आणि वजन बघून समाधान मानतात. तुम्ही तीन ठिकाणी बघा. एक, खनिज कोणतं लिहिलंय: 'नॅचरल कोरंडम' किंवा 'नॅचरल सफायर' हवं, नुसतं 'ब्लू स्टोन' नको. दोन, अगदी खालची 'कॉमेंट्स'ची ओळ. 'तापवल्याची चिन्हं', 'भेगांत काच', 'बाहेरून रंग मुरवलेला', जे काय असेल ते तिथे बारीक अक्षरांत असतं, आणि ती ओळच नसेल तर रिपोर्ट अर्धा आहे. तीन, रिपोर्टचा नंबर त्या प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर स्वतः टाकून पाहा, विकणाऱ्याच्या मोबाइलवर नको. किंमत रिपोर्टमध्ये नसते, 'ऊर्जा' तर नसतेच. आणि अंगठीवर हॉलमार्क असला तरी तो सोन्या-चांदीच्या शुद्धतेचा, खड्याशी त्याचा संबंध नाही. हा गैरसमज शिकलेल्या लोकांतही फार आहे.

घरी आलेल्या गृहस्थांना म्हणा, मुंबईला आपण दोघंही जाऊ, तपासणीची फी मी भरते, रिपोर्टमध्ये न तापवलेला नैसर्गिक नीलम लिहून आला तर पुढचं बोलू, आणि पक्कं बिल पाहिजे, त्यावर कॅरेट, 'नैसर्गिक', 'न तापवलेला' हे शब्द लिहून. यावर ते काय बोलतात तेवढंच ऐका. माझा अंदाज आहे की त्यांना दुसरं गिऱ्हाईक आठवेल. सराफांनाही हाच प्रश्न विचारा, पण नीट, दुकानात गर्दी नसताना. 'काका, हा तापवलेला आहे की काच भरलेला, बिलावर लिहून द्याल?' इतकी वर्षं गावात बसलेला माणूस लिहून देतो किंवा खरं सांगतो. बिल घेऊनही फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. बिलच नसेल तर तिथेही हात बांधलेले.

आता तुमचा शेवटचा, आणि मला वाटतं मनातला पहिला प्रश्न. चुकीचा नीलम घातला तर काय होईल? काहीही होणार नाही. कुरुंद हा अत्यंत निरुपद्रवी दगड आहे, घामात विरघळत नाही, त्वचेत शिरत नाही. तो रावाचा रंक करतो हे एका अर्थी खरं, पण बोटात घातल्यावर नाही, विकत घेताना. आणि तो नोकरी मिळवून देतो याला काही पुरावा नाही, हेही मला तितक्याच स्पष्ट सांगायला हवं. मी खडे तपासते, शनी तपासत नाही. तुमच्या यजमानांच्या श्रद्धेची टिंगल करायची मला गरज वाटत नाही. आठ महिने मुलगा घरात बसलेला बघणारा बाप काहीतरी करू बघतोय, एवढंच मला त्यात दिसतं. त्यांना एक सांगून बघा: ज्या परंपरेने नीलम सांगितला त्याच परंपरेत उपरत्नं सांगितली आहेत. नीली, म्हणजे आयोलाइट, हा वेगळाच खनिज आहे, नीलमपेक्षा मऊ, फिरवला की एका बाजूने जांभळट निळा आणि दुसऱ्या बाजूने जवळजवळ पाण्यासारखा दिसणारा, आणि किंमत नीलमच्या मानाने किरकोळ. जांभळा अ‍ॅमेथिस्टही चालतो म्हणतात. घोड्याच्या नालेची लोखंडी अंगठी तर आपल्याकडे शनीसाठी पिढ्यान् पिढ्या घालतात. शास्त्राला ती चालते, तर घरच्या बजेटला का नको? गुरुजींना विचारायचं असेल तर एवढंच विचारा, 'उपरत्न चालेल का?' 'नाही, नीलमच, आणि तोही अमक्याकडूनच' असं उत्तर आलं तर त्या अमक्याचं आणि गुरुजींचं नातं काय, ते यजमानांना शोधू द्या. ते तुम्ही सांगितलेलं पटणार नाही, त्यांनी शोधलेलं पटेल.

निळ्या खड्याची हौसच असेल, तर आपल्या पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत कॅव्हनसाइट नावाचं खनिज निघालं आहे. स्टिलबाइट या पांढऱ्या खनिजावर मोरपंखी निळ्या सुयांचे गुच्छ. जगभरचे संग्राहक त्यासाठी आपल्या काळ्या कातळाचं नाव घेतात. पण त्याची अंगठी कोणी करून देतो म्हणाला तर नको म्हणा. तो इतका ठिसूळ आहे की पैलू पाडणं बाजूलाच, नुसता नीट पुसतानाही सुया तुटतात. काचेच्या पेटीत ठेवायचा आणि बघायचा.

तर या आठवड्यात करायचं इतकंच: आजेसासूबाईंची अंगठी आधी चांगल्या ठिकाणी दाखवा, कोंदण उघडायची परवानगी द्या, मागची डाक आणि खडा वेगळा बघायला सांगा. तो निकाल येईपर्यंत बाकी दोन्ही खड्यांचं बोलणं थांबवा. खडा खरा निघाला आणि मुलाला घालायचा ठरला, तर अंगठी त्याच्या बोटाच्या मापाची करताना सोनाराला खडा काढून मगच डाग द्यायला सांगा, तुमच्या समोर, आणि परत बसवताना तोच खडा आहे ना हे बघायला आधी त्याचं वजन वहीत लिहून ठेवा.